पुण्याच्या पेठांतून

एखादे जुने शहर पाहावयाचे असेल, तर ते पायी पाहावे. वाहनातून जाणाऱ्याला रस्ता दिसतो, दुकानांच्या पाट्या दिसतात आणि गर्दी दिसते. पायी चालणाऱ्याला मात्र घरे दिसतात. दाराच्या चौकटीवरील नक्षी, भिंतीतील कोनाडा, उंबरठ्याचा झिजलेला दगड या गोष्टी सावकाश चालणाऱ्याच्याच दृष्टीस पडतात. सोबत एखादा जाणता वाटाड्या असेल, तर पाहिलेल्या वस्तूंचा अर्थही कळतो. अशा रीतीने वाटाड्यासह शहराचा जुना भाग पायी पाहण्याला ‘वारसा फेरी’ असे म्हणतात. अहमदाबाद शहरात तेथील महानगरपालिकेने इ. स. १९९७ मध्ये अशी फेरी सुरू केली. ती काळुपूर येथील स्वामीनारायण मंदिरापासून निघून जुन्या पोळांमधून जामा मशिदीपर्यंत जाते. पुढे २०१७ मध्ये त्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पुण्यातही अशा फेऱ्या निघतात. मुलांनो, आज आपणही अशीच एक फेरी करू. चालावयाचे अंतर फार नाही. मात्र डोळे उघडे हवेत आणि पायांना घाई नको.

मुठा नदीच्या उजव्या काठावर पुण्याची जुनी वस्ती आहे. तिचा सर्वांत जुना भाग म्हणजे कसबा पेठ. ‘कसबा’ या शब्दाचाच अर्थ मोठे गाव किंवा बाजारपेठेचे ठिकाण असा आहे. या कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली आणि शहर वाढले. अनेक पेठांना वारांची नावे आहेत. काही नावे मागाहून बदलली. आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जात असे. सदाशिव पेठेचे नाव सदाशिवरावभाऊंवरून, तर नारायण पेठेचे नाव नारायणराव पेशव्यांवरून पडले. पेठांची ही नावे एका दिवसात ठेवलेली नाहीत. शहर कोणत्या काळात कोणत्या दिशेने वाढले, हे त्यांवरून कळते.

आपली फेरी कसबा गणपतीपासून सुरू होते. हे पुण्याचे ग्रामदैवत. येथून जवळच तांबट आळी आहे. तेथे पोहोचण्यापूर्वीच ठोक्यांचा आवाज कानी येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन त्यावर चकाकणारे ठसे उमटवण्याच्या कामाला ‘माठारकाम’ म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो व भांडे टिकाऊ बनते. येथील जुन्या घरांची रचना धंद्याला सोयीची आहे. रस्त्याकडील बाजूला काम चालावे आणि मागे किंवा माडीवर कुटुंबाने राहावे, अशी ती बांधलेली असतात. पुढे कुंभारवाडा आहे, शिंपी आळी आहे. एका व्यवसायाची माणसे एकत्र राहत, परस्परांना मदत करीत आणि आपले कसब मुलांना शिकवीत. आळी हे त्यांचे घर होते, कारखाना होता आणि शाळाही होती.

तेथून परत फिरून आपण लाल महालापाशी येतो. शहाजीराजांनी जिजाबाई व बाल शिवाजी यांच्यासाठी पुण्यात वाडा बांधला. पुढे याच वाड्यात शायिस्तेखानाने तळ दिला आणि इ. स. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री त्याच्यावर छापा घातला. ही हकिकत तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु आज आपल्यासमोर जी लाल इमारत उभी आहे, ती त्या काळची नव्हे. मूळ वाडा कालौघात नाहीसा झाला. ही वास्तू विसाव्या शतकात महानगरपालिकेने त्याच्या स्मरणार्थ उभारली. जुने पाहताना ‘मूळचे कोणते आणि मागाहून बांधलेले कोणते?’ हा प्रश्न नेहमी विचारावा. स्मारकाला मान द्यावा; पण स्मारक आणि मूळ वास्तू यांतील भेद विसरू नये.

समोरच शनिवारवाड्याचा प्रचंड तट दिसतो. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली व २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. वाड्याला पाच दरवाजे आहेत. त्यांतील उत्तरेकडील दिल्ली दरवाजा सर्वांत मोठा. त्याच्या फळ्यांवर लोखंडाचे अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. शत्रूच्या हत्तीने धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले आहेत. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, ती वळते. वळणामुळे आत घुसणाऱ्यांचा वेग मोडतो आणि पहारेकऱ्यांना सावध होण्यास अवधी मिळतो. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे.

या तटाच्या आत एकेकाळी मोठमोठे दिवाणखाने, चौक आणि सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या भीषण आगीत आतील इमारती जळून गेल्या. दगडाचा तट उरला, दगडाची जोती उरली. लाकडाचे सारे गेले. मराठी वाड्याचे सामर्थ्य लाकडात होते आणि त्याची दुर्बलताही लाकडातच होती, हे येथे जसे कळते तसे अन्यत्र क्वचितच कळेल.

शनिवारवाडा हा राज्यकर्त्यांचा वाडा. सामान्य गृहस्थाचा वाडा कसा असे? पेठांतील एखाद्या जुन्या वाड्यात मालकांची परवानगी घेऊन आपण पाऊल टाकू. प्रथम लागतो तो भक्कम दरवाजा. त्याच्या मोठ्या फळीत एक लहान दार असते, त्याला दिंडी म्हणतात. दिवसा येणेजाणे दिंडीतून होई. तीतून वाकूनच आत यावे लागते. त्यामुळे एकच पहारेकरी कितीही माणसांवर लक्ष ठेवू शके. आत शिरताच दोन्ही बाजूंना बसण्याच्या जागा असतात, त्या देवड्या. मग उघडा चौक लागतो. चौकात तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हौद असतो. चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत माजघर, त्यापलीकडे देवघर व स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे परसू व आड अशी मांडणी असते.

हा चौक म्हणजे वाड्याचे फुप्फुस होय. उन्हाळ्यात तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि सावलीतील गार हवा खोल्यांत खेळते. रस्त्याकडे मोठ्या खिडक्या नसूनही चौकामुळे आत उजेड येतो. जाड भिंती दुपारचे ऊन बाहेर थोपवून धरतात. वीज नव्हती, पंखे नव्हते. तरीही घर थंड राहत असे. ही कोणाची जादू नव्हती. येथील ऊन, वारा व पाऊस ओळखून पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधणाऱ्या गवंड्यांचे आणि सुतारांचे ते ज्ञान होते.

आता खांबांकडे पाहा. खांब जमिनीत पुरलेला नाही. तो एका कोरीव दगडावर उभा आहे. त्या दगडाला तळखडा म्हणतात. जमिनीतील ओल व वाळवी लाकडापर्यंत पोहोचू नये, म्हणून ही योजना केलेली असते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर पाट असा हा लाकडी सांगाडाच माडीचा भार पेलतो. भिंतीचे काम बहुतांशी जागा बंद करण्याचे असते. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात आणि जुन्या काळी घर किती मोठे, हे किती खणांचे यावरून सांगत. चौरस फुटांचा हिशेब फार अलीकडचा.

वाडा जे सांगतो, ते सारेच गौरवाचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. ओसरीवर पुरुषांची बैठक भरे. घरातील स्त्रियांचा वावर माजघर आणि स्वयंपाकघर एवढ्यापुरताच असे. वाड्यात कोणी कोठवर यावे, हे जातीवरून ठरे. विहिरीवर कोणाला पाणी भरता येई आणि कोणाला येत नसे, याचे नियम कठोर होते. ज्या हातांनी दगड घडवले व माती वाहिली, त्यांतील अनेकांना बांधून झालेल्या घरात प्रवेश नव्हता. जुनी वास्तू जपावयाची ती तिच्या काळातील अन्याय झाकण्यासाठी नव्हे. ती उभी असली, तर कौतुकाच्या गोष्टींबरोबर या गोष्टीही आपणास समजून घेता येतात.

शनिवारवाड्यापासून जवळच नाना फडणवीसांचा नानावाडा आहे. तो इ. स. १७८० च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या दिवाणखान्यातील सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या नक्षीदार महिरपी पाहण्यासारख्या आहेत. पुढे कित्येक वर्षे या वाड्यात शाळा भरत असे. ज्या दिवाणखान्यात राज्याचे मसलतकार बसले, तेथेच पुढे मुलांनी पाढे म्हटले!

या परिसरात चालताना पायांखालीही एक जुनी रचना आहे, हे विसरू नका. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधविले आणि तेथून जमिनीखालील पक्क्या नळाने शहरात पाणी आणविले. पाणी केवळ उतारामुळे वाहत असे. त्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. हे पाणी पेठांतील हौदांत येऊन पडे. आज त्यांतील कित्येक हौद बुजले. परंतु ‘काळा हौद’ यासारख्या नावांत त्यांची आठवण राहिली आहे.

आता बुधवार पेठेत येऊ. येथे भिडे वाडा होता. इ. स. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. हा वाडा शनिवारवाड्यासारखा भव्य नव्हता. त्यावर डोळे दिपवणारी नक्षी नव्हती. परंतु माजघरापुरतेच जग असलेल्या मुलींना अक्षरांच्या जगात नेणारा दरवाजा याच वाड्यात उघडला. वास्तूची थोरवी तिच्या उंचीवर अवलंबून नसते. तरीही या वाड्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. तो मोडकळीस आला, त्याविषयी न्यायालयात दीर्घकाळ वाद चालला आणि अखेर राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. स्मारक होणे योग्यच आहे. पण ज्या पायऱ्यांवरून त्या पहिल्या मुली चढल्या, त्या पायऱ्या मात्र आता कोणाला पाहता येणार नाहीत. वेळीच काळजी घेतली नाही, तर काय गमवावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे तुळशीबागेतील राममंदिर आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी इ. स. १७६१ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला. मंदिराभोवती भांड्याकुंड्यांचा व बांगड्या-खेळण्यांचा बाजार गजबजलेला असतो. जवळच, बाजीराव रस्त्यावर, दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्याचा रस्त्याकडील कोरीव लाकडी दर्शनी भाग पाहताच नजर ठरते. पेशवाई संपल्यावर १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच रूपांतर होत होत पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८७९ मध्ये आगीने या वाड्याचा काही भाग जळाला आणि त्याच रात्री बुधवारवाडा समूळ नष्ट झाला. बुधवारवाडा आज केवळ नावाने उरला आहे. विश्रामबागवाड्याचा जळलेला भाग मात्र पुन्हा उभारण्यात आला, म्हणून तो आपण पाहू शकतो. त्या एका रात्रीने एक वाडा नेला. दुसरा माणसांनी वाचवला.

आपली फेरी मंडईपाशी संपते. ही दगडी इमारत १८८६ मधील, म्हणजे इंग्रजी अमदानीतील आहे. तिचा अष्टकोनी मनोरा दुरूनही ओळखू येतो. तिला प्रथम मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना मंडईवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला होता. तो शिक्षणासाठी खर्चावा, असे त्यांचे मत होते. पुढे याच मंडईला ‘महात्मा फुले मंडई’ असे नाव मिळाले! तरीही मुलींच्या शाळेची जागा पाहून आलेल्या आपणास त्यांचा आग्रह सहज समजतो.

पेठांतील जुने वाडे झपाट्याने कमी होत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे कोसळली. माती पाण्याने विरघळली आणि भिंती बसल्या. परंतु पुराहूनही अधिक वाडे हळूहळू गेले. एका वाड्याचे वाटे पडत पडत दहा-वीस मालक झाले. भाडेकरूंकडून मिळणारे भाडे इतके अल्प, की त्यातून गळके छप्परही दुरुस्त होईना. सागवान महाग झाले, जुन्या पद्धतीचे काम जाणणारे सुतार दुर्मिळ झाले आणि जागेची किंमत मात्र वाढत गेली. पावसाळ्यात भिंत कोसळून माणसे दगावण्याचे भयही असतेच. अशा घरात राहणाऱ्या कुटुंबास ‘हे घर सुंदर आहे, ते पाडू नका’ असे बाहेरून येऊन सांगणे सोपे आहे. त्याच्या डोक्यावरील छप्पर सुरक्षित कसे होईल, याचा विचारही सांगणाऱ्याने केला पाहिजे.

म्हणून जतन म्हणजे घराला कुलूप लावून ते तसेच ठेवणे नव्हे. महत्त्वाच्या वास्तूंची यादी करणे, दुरुस्तीस साहाय्य देणे, तुळई बदलावयाची तर तशीच बसवणे, आणि वाड्याचा शाळा, ग्रंथालय किंवा संग्रहालय म्हणून उपयोग करणे, हे सारे जतनच होय. शुक्रवार पेठेत दिनकर केळकर यांनी जमवलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे. त्यातील कोरीव दरवाजे पाहिले, म्हणजे मोडलेल्या वाड्यांतून काय काय वाचवता येते, हे कळते. जो वाडा वाचवणे शक्यच नाही, त्याची मोजमापे, चित्रे व तेथील माणसांच्या आठवणी तरी लिहून ठेवता येतात.

हे काम केवळ मोठ्यांचेच आहे, असे समजू नका. तुमच्या गावातही जुनी वेस असेल, घाट असेल, वाडा असेल, बारव असेल. चार मित्र आणि एक शिक्षक मिळून तेथे जा. परवानगीवाचून कोणाच्या घरात शिरू नका. भिंतींवर नावे कोरू नका. घरातील वृद्धांना नम्रपणे विचारा, “आजी, हा कोनाडा कशासाठी? आजोबा, हा आड केव्हा बुजवला?” ते सांगतील, ते वहीत उतरवा. दरवाजाचे चित्र काढा, खण मोजा, तळखड्याला हात लावून पाहा. ज्या घराविषयी गावातील मुलांना काही ठाऊकच नाही, ते पडले तरी कोणाला हळहळ वाटत नाही. ज्याची माहिती दहा वह्यांत लिहिलेली आहे, त्याच्यासाठी बोलणारी दहा माणसे तरी पुढे तयार होतात.

शब्दार्थ

कालौघात – काळाच्या प्रवाहात
कसब – हातातील कौशल्य
मसलतकार – सल्ला देणारे
परसू – घरामागील मोकळी जागा
आड – अरुंद तोंडाची विहीर
महिरप – कमान
अमदानी – राजवट
बारव – पायऱ्यांची विहीर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वारसा फेरी कशाला म्हणतात?
(आ) खांबाखाली तळखडा का बसवीत?
(इ) घराचे आकारमान पूर्वी कशावरून सांगत?

प्र. २. कारणे द्या.
(अ) दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर खिळे ठोकलेले आहेत.
(आ) चौक हे वाड्याचे फुप्फुस होय.
(इ) पेठांतील वाडे झपाट्याने कमी होत आहेत.

प्र. ३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) ‘वास्तूची थोरवी तिच्या उंचीवर अवलंबून नसते.’ भिडे वाड्याच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) वाडा पाडू नये असे सांगणाऱ्याने आणखी कशाचा विचार केला पाहिजे? तुमचे मत लिहा.

प्र. ४. पुढील शब्द वाक्यांत योजा : उंबरठा, ओसरी, माजघर, तुळई, जतन.

उपक्रम : तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूला शिक्षकांसह भेट द्या. तिचे चित्र काढा आणि तेथे राहणाऱ्या किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीशी बोलून दहा ओळी माहिती लिहा.